रोझरी घेताना: काचेची, लाकडी, दोऱ्याची की अंगठीची?

8 सप्टेंबरला मरियामातेचा जन्मदिन, आणि त्यानंतरच्या रविवारपासून आठवडाभर वांद्र्याच्या माउंट मेरीची जत्रा. टेकडीच्या वाटेवर मेणबत्त्यांच्या शेजारी रोझरींचे, म्हणजे कॅथलिक जपमाळांचे, झुबकेच्या झुबके टांगलेले असतात आणि घेणारे बहुतेक जण रंग पाहून उचलतात. आमचा आग्रह असा, की रोझरी डोळे मिटून, बोटांनी चाचपून निवडावी.

कारण प्रार्थनेच्या रचनेतच आहे. क्रूस हातात धरून क्रूसाची खूण करायची आणि प्रेषितांचा विश्वासांगीकार, म्हणजे श्रद्धेची कबुली, म्हणायचा. वर्तुळाखाली लोंबणाऱ्या शेपटीच्या पहिल्या मोठ्या मण्यावर ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’. पुढच्या तीन लहान मण्यांवर विश्वास, आशा आणि प्रीती मागत तीन ‘नमो मरिया’ या मरियामातेच्या छोट्या प्रार्थना, मग त्रैक्याचा, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचा, गौरव. दुसरा मोठा मणी पहिल्या रहस्याचा. रहस्य म्हणजे येशू आणि मरिया यांच्या जीवनातला मनन करायचा प्रसंग. तिथे रहस्याचं नाव घेऊन पित्याची प्रार्थना म्हणायची आणि शेपटी आणि वर्तुळ जोडणाऱ्या पदकावरून वर्तुळात शिरायचं. दहा मण्यांवर दहा नमो मरिया, शेवटी पुन्हा गौरव, की एक दशक झालं. अशी पाच दशकं. घाई केली नाही तर पंधरा ते वीस मिनिटं लागतात.

ओठांवर नमो मरिया असते, पण मन राहायला हवं त्या दिवसाच्या रहस्यावर. सोमवारी आणि शनिवारी आनंदाची रहस्यं, मंगळवारी आणि शुक्रवारी दुःखाची, बुधवारी आणि रविवारी गौरवाची. गुरुवारची प्रकाशाची रहस्यं पोप जॉन पॉल दुसरे यांनी 2002 साली जोडली. मोजणी बोटांनी सांभाळली तरच मन मोकळं राहतं. ‘ही सातवी की आठवी?’ असा प्रश्न पडला, की गेथशेमाने बाग, म्हणजे दुःखाच्या पहिल्या रहस्यातली येशूच्या वेदनेची जागा, मनातून निसटलीच म्हणून समजा. एवढी एक कसोटी धरून एकेक प्रकार पाहू.

काचेच्या मण्यांची, धातूच्या साखळीची रोझरी सर्वांत देखणी. प्रथम कम्युनिअनला (मुलं पहिल्यांदा पवित्र भाकर घेतात तेव्हा) किंवा लग्नात भेट म्हणून हीच दिली जाते. मण्यांना वजन असतं आणि स्पर्श थंड असतो, त्यामुळे मणी बोटाला चटकन कळतो. दोष साखळीत असतो. प्रत्येक मण्यातून तार ओवून तिच्या दोन्ही टोकांना कडी वळवलेली असते. स्वस्त मालात ही कडी नुसती वाकवून सोडतात आणि ओढ बसली की ती उघडते. तार कडीच्या मुळाशी दोन-तीन वेढे गुंडाळलेली असेल तर ती माळ वर्षानुवर्षं टिकते. घेताना पदकाच्या तीन कड्या आणि क्रूसाच्या वरची कडी उजेडासमोर धरून बघा. फट तिथेच सापडते, कारण सगळा भार तिथेच येतो. मुलामा दिलेली साखळी घामाने आणि खाऱ्या हवेने काळी पडते. वसईपासून गोव्यापर्यंतच्या किनाऱ्यावर हे टळत नाही.

रोजच्या वापराला आमची पसंती लाकडी मण्यांना. 6 मिलिमीटरचा मणी बहुतेकांना पुरतो. सांधे दुखणाऱ्या वृद्ध हातांसाठी 8 किंवा 10 मिलिमीटरचाच घ्यावा. लाकूड बोटांत घसरत नाही, रात्री अंथरुणात आवाजही करत नाही. रंग दिलेला मणी मात्र घामाने बोटांना रंग लावतो, म्हणून ओल्या रुमालाने घासून बघावा. लाकडी माळेत मोठे आणि लहान मणी पुष्कळदा एकाच आकाराचे असतात. मोठ्या मण्याच्या दोन्ही बाजूंना बोटाला जाणवेल एवढी मोकळी जागा असली तर त्याने काही बिघडत नाही. अंधारात दशक संपल्याचं ती जागाच सांगते. ती नसेल तर माळ कितीही सुबक असो, परत ठेवा.

दोऱ्याच्या गाठींची रोझरी दिसायला साधी, पण तिला तोड नाही. खिशात, दप्तरात, लहान मुलांच्या हातात ती निभावते. नायलॉन दोऱ्याची टोकं वितळवून बंद केलेली असावीत, नाहीतर महिन्याभरात गाठ सुटते. प्लास्टिकची माळ वाटायला ठीक, पण तिची मोजणी आधी करा. दशकात नऊ किंवा अकरा मणी ओवलेली माळ सापडते आणि ती प्रार्थनेच्या मध्यावर गोंधळ घालते. पुऱ्या माळेत 53 लहान आणि 6 मोठे, एकूण 59 मणी हवेत.

दहा उंचवटे आणि एक क्रूस असलेली अंगठी लोकलच्या गर्दीत फार उपयोगी. एका हाताने दांडा धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने ती फिरवता येते. ती एकच दशक मोजते, कितवं दशक चाललंय ते तुम्हीच लक्षात ठेवायचं. घरात गुडघे टेकून कुटुंबाने एकत्र म्हणण्यासाठी मात्र पूर्ण माळच हवी.

एक चूक वारंवार होते. त्याच झुबक्यात सात-सात मण्यांचे सात गट असलेली माळ टांगलेली असते. ती मरियामातेच्या सात दुःखांची. भक्ती सुंदर आहे, पण तिच्यावर रोझरी म्हणता येत नाही. उलट दैवी दयेची प्रार्थना नेहमीच्या रोझरीवरच म्हणतात, तिच्यासाठी वेगळी माळ घेऊ नका.

घेतल्यावर फादरांकडून किंवा डिकनकडून (फादरांच्या खालच्या पायरीवरचे दीक्षित सेवक) आशीर्वादित करून घ्या. रोझरी हा सात संस्कारांपैकी संस्कार नव्हे. ती प्रार्थनेला साहाय्य करणारी पवित्र वस्तू आहे, ताईत नाही. म्हणून गाडीच्या आरशाला लटकवून ठेवण्यासाठी ती घेऊ नये. कडी उघडली तर दोन बारीक पकडींनी टोकं बाजूला पिळून उघडावी आणि तशीच उलट पिळून मिटवावी. सरळ ताणली तर गोलाई बिघडते आणि तार तुटते. एखादा मणी बदलला म्हणून आशीर्वाद जात नाही. दुरुस्तीपलीकडे गेलेली माळ कचऱ्यात टाकू नये. लाकूड आणि दोरा जाळावा, काच आणि धातू जमिनीत पुरावा.