ग्रान सास्सो की पेस्कासेरोली? आब्रुत्सोत मोजकेच दिवस असतील तर

रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस उरकलेली मंडळी दुसऱ्यांदा इटलीला निघाली की त्यातले काही आब्रुत्सोचं नाव काढतात, आणि नकाशा उघडला की तिथेच अडतात. रोमच्या पूर्वेला दीड-दोन तासांवर असलेल्या या प्रदेशात बघण्यासारखं पुष्कळ आहे, पण ते एका जागी नाही. उत्तरेला ग्रान सास्सोचा डोंगर आणि त्याच्या अंगावरची दगडी गावं, तर दक्षिणेला पेस्कासेरोली, ओपी, बार्रेया आणि स्कान्नोचा जंगलपट्टा. चार-पाच दिवसांत दोन्हीकडे धावू नये असं माझं मत आहे. एक बाजू धरावी आणि तिथे रमावं. आम्ही दोन्हीकडे राहून आलो आहोत, त्यामुळे चार गोष्टी अनुभवाने सांगू शकतो. त्या सगळ्यांना तशाच लागू पडतील असं मात्र नाही.

फोटो पाहिले की बहुतेकांचं मन ग्रान सास्सोकडे झुकतं, आणि त्यात काही गैर नाही. कांपो इंपेरातोरे हे सुमारे २७ किलोमीटर लांबीचं उंच पठार. झाड जवळजवळ नाहीच. नुसतं गवत, घोड्यांचे कळप, मेंढ्या, आणि मागे २,९१२ मीटरचा कोर्नो ग्रांदे, म्हणजे आपेनाइन रांगेतलं सर्वांत उंच शिखर. इटालियन लोक या पठाराला छोटं तिबेट म्हणतात. पठाराच्या पश्चिम टोकाला केबल कारच्या वरच्या स्थानकाजवळ जे हॉटेल आहे, तिथेच १९४३च्या सप्टेंबरात मुसोलिनीला कैदेत ठेवलं होतं आणि जर्मनांनी ग्लायडर उतरवून त्याला सोडवून नेलं. एवढ्या वाऱ्यात ग्लायडर उतरवले कसे, हा प्रश्न तिथे उभं राहिल्यावर पडतोच.

खाली उतरलं की सान्तो स्तेफानो दि सेस्सानियो. फ्लोरेन्सच्या मेदिची घराण्याच्या काळात लोकरीच्या व्यापारावर पोसलेलं गाव. तिथला बुरूज ६ एप्रिल २००९च्या भूकंपात कोसळला आणि नंतर पुन्हा बांधला गेला. इथली मसूर बारीक, काळपट आणि चवीला अशी की आमच्या घरात तिच्या आमटीचा विषय अजून निघतो. रोक्का कालाश्यो हा १,४६० मीटरवरचा पडका किल्ला सगळ्यांना ठाऊक असतो. मी म्हणेन त्यापेक्षा बोमिनाकोला जा. तिथे सान पेल्लेग्रीनोचं छोटंसं प्रार्थनागृह आहे, बाहेरून गोठ्यापेक्षा फार वेगळं दिसत नाही, आणि आत १२६३ सालची भित्तिचित्रं भिंतीभर. जाण्याआधी किल्ली कोणाकडे असते त्याची चौकशी करून ठेवा. ऑक्टोबरात गेलात तर नावेल्लीच्या शेतांत केशराची फुलं खुडताना दिसतील. फुलं उमलायच्या आत वेचायची असतात, म्हणून भल्या पहाटे उठावं लागतं.

थोडक्यात, एका नजरेत भरणारं दृश्य हवं असेल तर ही बाजू पुढे आहे. पेस्कासेरोलीकडे असं पठार नाही, असा किल्लाही नाही. हे आधीच कबूल केलेलं बरं.

मग माझं पान कुठे अडलं? गाडीपाशी.

आब्रुत्सोची राजधानी लाक्विलापर्यंत रोमहून बसने आरामात पोचता येतं. तिथून केबल कारच्या पायथ्याशीही बस जाते, आणि केबल कारने वर गेलं की पठाराचं एक टोक दिसतं. पण वारा वाढला की ती बंद. आणि वर सांगितलेली जी खरी मजा आहे, पठाराचा आडवा रस्ता, सान्तो स्तेफानो, कालाश्यो, बोमिनाको, नावेल्ली, ती सगळी स्वतःच्या गाडीवर अवलंबून आहे. गावांना जोडणाऱ्या बसेस आहेत, पण त्या शाळेच्या मुलांच्या वेळेवर धावतात, पाहुण्यांच्या नाही.

भाड्याने गाडी घेणं म्हणजे आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढणं, चालकाच्याच नावाचं क्रेडिट कार्ड, त्यावर अडकवून ठेवलेली घसघशीत अनामत, इथपर्यंत ठीक. आम्ही ऑटोमॅटिक सांगितली होती, हाती आली गिअरवाली. म्हणजे रस्ता उजवीकडून, बसायचं डावीकडे, गिअर उजव्या हाताला, आणि समोर सान्तो स्तेफानोचा चढ जिथे समोरून दुधाचा टँकर आला तर कोणीतरी मागे जायचं असतं. तेही जमलं. माणूस सरावतो. पण खरी कटकट निराळीच. घरात चालवणारा एकच असेल तर त्याची सुट्टी होतच नाही. मागच्या सीटवरून 'अरे तो बघ घोडा', 'बाबा, तो ढग बघा' असं चाललेलं, आणि बाबा बघतोय डांबर. संध्याकाळी मोन्तेपुल्चानोची बाटली टेबलावर येते तेव्हाही त्याच्या ग्लासात पाणी, कारण मुक्कामाला परत जायचं तेही डोंगरातूनच. कांपो इंपेरातोरेचा सगळ्यात सुंदर पट्टा मी घरी आल्यावर बायकोच्या मोबाइलमध्ये पाहिला. बाकी सगळं बाजूला ठेवलं तरी मला हे एकच पुरेसं होतं.

(जेवणाचाही एक छोटा मुद्दा आहे. पठारावर खाटकाच्या दुकानातून आरोस्तिचीनी, म्हणजे काडीला टोचलेले मेंढीच्या मटणाचे बारीक तुकडे, विकत घ्यायचे आणि बाहेरच्या शेगड्यांवर स्वतः भाजायचे अशी पद्धत आहे. मटण खाणाऱ्यांना याहून चांगली दुपार मिळणार नाही. शाकाहाऱ्यांनी डबा न्यावा. आणि चीज तरी निर्धास्त खाऊ म्हणत असाल तर त्याच डोंगराच्या पूर्व उतारावरचं फारिंदोलाचं पेकोरीनो डुकराच्या पोटातलं विरजण लावून करतात, एवढं माहीत असू द्या.)

आता दक्षिणेकडे. रोमहून रेल्वेने आवेत्सानो, तिथून बसने पेस्कासेरोली. वाटेत फुचिनोचं सपाट मैदान लागतं. हे एकेकाळी इटलीतलं तिसऱ्या क्रमांकाचं सरोवर होतं, १९व्या शतकात उपसून कोरडं केलं आणि आता तिथे बटाटे पिकतात. मग बस घाट चढायला लागते आणि खिडकीबाहेर बीच वृक्षांची दाटी सुरू होते. या वेळी खिडकीपाशी मी होतो.

आब्रुत्सोचं राष्ट्रीय उद्यान १९२२-२३चं, इटलीतल्या सर्वांत जुन्या दोन उद्यानांपैकी एक. पेस्कासेरोली त्याचं मुख्य गाव, उंची १,१६७ मीटर. तिथून ओपी, वाल फोन्दिल्लो, कामोश्यारा, विलेत्ता बार्रेया, बार्रेया ही सगळी ठिकाणं एकाच रस्त्यावर किंवा त्याच्या काठाला आहेत, आणि त्या रस्त्याने बस जाते. सकाळी एका फाट्यावर उतरायचं, दरीत चालत जायचं, दुपारनंतर पुढच्या फाट्यावरून बस धरायची. वाल फोन्दिल्लोची वाट लहान मुलांनाही झेपते, बाजूने ओढा वाहतो. तिथल्या बीचच्या रानाचा काही भाग २०१७ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. याच उद्यानाच्या वाल चेर्वारा भागात पाचशेहून अधिक वर्षांची बीचची झाडं आहेत.

अस्वलाचं काय, हा प्रश्न हमखास येतो. मार्सिकन तपकिरी अस्वलं पन्नास-साठच्या आसपास उरली आहेत. ती दिसतील या आशेने जाऊ नका, आम्हालाही दिसली नाहीत. २०२३मध्ये उद्यानाच्या सीमेबाहेर आमारेना नावाच्या अस्वलीला एकाने गोळी घातली तेव्हा अख्खी इटली हळहळली होती, इतकी ती मोजकी आहेत. पण विलेत्ता बार्रेयात सांबराएवढी लाल हरणं संध्याकाळी गावातल्या रस्त्यांवरून, लोकांच्या फाटकांसमोरून निवांत हिंडतात, ती बघायला ना दुर्बीण लागते ना नशीब. मुलं तर दुसरं काही बघायलाच तयार नव्हती. आपेनाइनचं शाम्वा नावाचं रानबकरं जवळून बघायचं असेल तर चिवितेल्ला आल्फेदेनावरून वाल दि रोझेची चढण आहे. उन्हाळ्यात तिथे जाणाऱ्यांच्या संख्येवर मर्यादा असते, आधी नोंदणी करावी.

पेस्कासेरोलीत पुलाखालून एक उथळ ओढा वाहतो, ती सांग्रो नदी. तीच पुढे बार्रेयाच्या धरणातून खाली जाऊन एड्रियाटिक समुद्राला मिळते. १९४३च्या नोव्हेंबरात तिच्या खालच्या टप्प्यात आठव्या भारतीय डिव्हिजनने जर्मन फळी फोडली. त्या डिव्हिजनमध्ये मराठा लाइट इन्फन्ट्रीची एक बटालियन होती. मुखाजवळच्या तोरीनो दि सांग्रो इथे युद्धस्मशान आहे, आणि त्यातच, ज्यांचं दहन झालं अशा पाचशेहून अधिक भारतीय सैनिकांच्या नावांचं स्मारक. पर्यटक सहसा तिकडे वळत नाहीत. ते जंगलापासून बरंच दूर आहे, एक दिवस वेगळा काढावा लागेल, पण साताऱ्या-कोल्हापुराकडच्या माणसाला तो काढावासा वाटेल.

स्कान्नो मात्र याच ओघात करता येईल असं समजू नका. पेस्कासेरोलीहून मधल्या खिंडीतून रस्ता आहे, पण बसने फिरणाऱ्यांनी सुल्मोनाकडून जावं. तो रस्ता साजित्तारियोच्या घळीतून जातो आणि माझ्या मते स्कान्नोपेक्षा तो रस्ताच जास्त देखणा आहे. फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसॉंने १९५१मध्ये इथे काढलेल्या फोटोंमुळे गाव प्रसिद्ध झालं. आता त्या फोटोंतल्यासारख्या काळ्या वेशातल्या म्हाताऱ्या क्वचितच दिसतात. पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचं सरोवर वरच्या पायवाटेवरून बदामासारखं दिसतं, काठावरून नाही. १ मेच्या सुमारास तिकडे असाल तर कोकुल्लो चुकवू नका. संत दोमेनिकोच्या मूर्तीवर जिवंत साप सोडून मिरवणूक निघते, आणि बत्तीस शिराळ्याची नागपंचमी पाहिलेल्याला ते अनोळखी वाटणार नाही.

या बाजूच्या उणिवा सांगायला हव्यात. इथे पोचल्या पोचल्या डोळे दिपत नाहीत. पहिल्या दिवशी आमच्या सौ. म्हणाल्या, 'महाबळेश्वरलाच गेलो असतो की.' जंगलात वेळ द्यावा लागतो, मग ते उलगडतं. दुपारी एक ते साडेचार-पाच गाव कुलूपबंद असतं. बसचं तिकीट चढण्याआधी बारमध्ये किंवा तंबाखूच्या दुकानात घ्यायचं, आणि नेमका तो बारही दुपारी बंद, म्हणून येतानाचं आणि जातानाचं तिकीट सकाळीच एकत्र घ्यावं. ऑगस्टच्या मध्यावर सगळी रोम नगरी इथे लोटते, तेव्हा खोल्या मिळत नाहीत.

त्यामुळे घरात गाडी चालवणारे दोघे असतील, किंवा एखाद्याला चालवण्यातच आनंद असेल, तर जून-जुलैत, पठार फुललेलं असताना ग्रान सास्सोला जा. मी अडवणार नाही. शिखरं चढणाऱ्यांनाही तीच बाजू. पण चालक एकच असेल, सोबत मुलं किंवा आई-वडील असतील, तर मला वाटतं पेस्कासेरोली जास्त सुखाचं. आम्ही पुन्हा गेलो ते तिथेच, ऑक्टोबरच्या अखेरीस, बीच तांबूस व्हायला लागले तेव्हा.

फक्त आखणी करताना जागा बदलायचा दिवस रविवारी येऊ देऊ नका. रविवारी आणि सणाच्या दिवशी त्या रस्त्यावर बसेस अगदी तुरळक असतात, आणि वेळापत्रकात तुम्ही हेरलेल्या वेळेपुढे बारीक अक्षरात 'फेरियाले' लिहिलेलं असतं. ती बस फक्त कामाच्या दिवशीची.