बंदुकीच्या दुकानात सांगितला जाणारा कायदा

सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी या जिल्ह्यांत शेतीसंरक्षणासाठी परवान्यावर घेतलेली बंदूक अजूनही अनेक घरांत आहे. कोठे ती ठासणीची असते, कोठे काडतुसाची एकनळी किंवा दुनळी. रानडुकरे भातात शिरतात, वानरे बागेतले शहाळे-आंबे ठेवत नाहीत, त्यामुळे आमच्या आजोबांच्या पिढीने हे परवाने काढले आणि वडिलांच्या पिढीने ते नियमाने सांभाळले. ही पिढी आता सत्तरीपलीकडे गेली आहे. परवाना पुढे कोणाच्या नावावर जाणार, बंदुकीचे काय होणार, हे प्रश्न घरोघर उभे राहिले आहेत, आणि नेमक्या याच घरांवर काही शस्त्रविक्रेत्यांचा डोळा आहे. आमच्या बाबतीत जे घडले त्याची तक्रार चौकशीत असल्यामुळे दुकानाचे आणि शहराचे नाव येथे देत नाही. व्यवहाराची पद्धत मात्र सविस्तर लिहीत आहे, कारण तीच पद्धत आमच्या पंचक्रोशीत आणखी दोन घरांत वापरली गेल्याचे नंतर कळले.

वडिलांच्या परवान्याची मुदत संपली होती आणि नूतनीकरणाचा अर्ज प्रलंबित होता. अशा वेळी शस्त्र घरी ठेवता येत नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम २१ प्रमाणे ते जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते. ठाण्याच्या खोलीत पावसाळ्यात नळीला गंज चढतो, असा वडिलांचा जुना अनुभव, म्हणून त्यांनी बंदूक दुकानात ठेवली. ही बंदूक जुनी इंग्रजी बनावटीची, बारा बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचे माप) दुनळी आहे. दुकानदाराने पावती दिली, तीवर ‘दुनळी बंदूक, एक’ एवढेच लिहिले होते. बनावट, बोअर, नळीची लांबी, अनुक्रमांक यांपैकी काहीही नव्हते. वडिलांनी विचारले तेव्हा, “काका, तुमची बंदूक मी काय आज बघतो आहे? रजिस्टरला सगळं आहे,” असे उत्तर मिळाले.

काही आठवड्यांनी आम्हा दोघांना बोलावणे आले. दुकानदाराने चहा मागवला, खुर्चीवर रेलून बसला आणि अत्यंत आपुलकीने तीन गोष्टी सांगितल्या. सत्तरी उलटलेल्या माणसाचा परवाना आता नूतनीकृत होत नाही, ही पहिली. मुलाला वडिलांची बंदूक मिळत नाही, त्याला नवा परवाना काढून नवीच बंदूक घ्यावी लागते, ही दुसरी. आणि ठरावीक मुदतीत बंदूक हलवली नाही तर ती दुकानाच्या खात्यात जमा होते, ही तिसरी. जोडीला, नळ्या ‘बाद’ झाल्या आहेत, आजच्या बारुदाचा दाब त्या सोसणार नाहीत, हे तज्ज्ञ मतही मिळाले. त्याने जुन्या बंदुकीचे १२,००० रुपये धरले, ‘सरकारी कारखान्याच्या’ नव्या दुनळीसाठी माझ्याकडून ४०,००० रुपये आगाऊ घेतले आणि वडिलांची सही एका अर्धवट कोऱ्या ना-हरकत पत्रावर घेतली. माझ्या नावाने परवाना निघालेला नसताना बंदुकीचे ‘बुकिंग’ कशाच्या आधारावर होते, याचे उत्तर त्या दुकानात आजतागायत कोणी दिलेले नाही.

तिन्ही विधाने खोटी आहेत. वयाची सत्तर वर्षे पूर्ण झाली म्हणून परवाना आपोआप संपत नाही. उलट शस्त्र नियम, २०१६ मधील नियम २५ असे सांगतो की परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला असेल, किंवा त्याने ते शस्त्र पंचवीस वर्षे बाळगले असेल, तर त्याच्या हयातीतच कायदेशीर वारसाला त्या शस्त्राचा परवाना मागता येतो. मृत्यूनंतर तर मागता येतोच. दुकानदाराने वयाची हीच तरतूद उलटी करून आम्हाला घाबरवण्यासाठी वापरली. राहिली दुकानाच्या खात्याची गोष्ट. जमा केलेले शस्त्र मुदतीत परत घेतले नाही वा विकले नाही तर ते सरकारजमा होऊ शकते, पण त्यासाठी जिल्हादंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो आणि त्याआधी मालकाला कारणे दाखवण्याची लेखी नोटीस व तीस दिवसांची संधी द्यावी लागते. शस्त्र विक्रेत्याच्या मालकीचे होण्याचा मार्ग कलम २१ मध्ये कोठेही नाही.

हे सर्व मला जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेत कळले. तेथे मी गेलो होतो नव्या परवान्याचा अर्ज विचारायला. तेथील अव्वल कारकून बाईंनी वडिलांचे वय विचारले, नियमांचे पुस्तक उघडून माझ्यापुढे ठेवले आणि इतर वारसांची ना-हरकत प्रतिज्ञापत्रे आणायला सांगितले. आपल्याकडे सरकारी कचेरीची पायरी चढायला माणूस बिचकतो आणि दुकानात मात्र चहा मिळतो म्हणून तेथील शब्दावर विसंबतो. या व्यवसायातल्या लबाडीचे निम्मे भांडवल हेच आहे.

बंदुकीच्या ‘बाद’ असण्याचा उलगडा लष्करातून आर्मरर, म्हणजे शस्त्रांची देखभाल-दुरुस्ती करणारे, म्हणून निवृत्त झालेल्या आमच्या एका स्नेह्यांनी केला. वडिलांनी पूर्वी काढून ठेवलेल्या छायाचित्रांत नळ्यांच्या तळाशी मुकुटाखाली बी.पी., बी.व्ही. आणि एन.पी. अशी अक्षरे दिसत होती. हे बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाचे शिक्के आहेत आणि त्यांतला एन.पी. हा शिक्का धूरविरहित बारुदाची चाचणी झाल्याचा आहे. म्हणजे आजचे बारूद सोसणार नाही, हे कारण त्या नळ्यांवरच्या शिक्क्यांनीच खोटे ठरवले. अर्थात इतक्या जुन्या बंदुकीच्या नळ्या आतून झिजल्या आहेत का, सांधे ढिले झाले आहेत का, हे प्रत्यक्ष तपासावेच लागते, आणि ती तपासणी दुकानदाराने केलेलीच नव्हती. विदेशी शस्त्रांची आयात सामान्य नागरिकांसाठी १९८० च्या दशकापासून बंद आहे, त्यामुळे देशात आधीपासून असलेल्या जुन्या इंग्रजी बंदुकांना चांगली किंमत येते. १२,००० रुपयांचा आकडा कोठून आला, ते यावरून समजावे. ‘सरकारी’ म्हणून दाखवलेली नवी दुनळी बिहारमधल्या मुंगेरच्या खासगी कारखान्यातली निघाली. मुंगेरचे परवानाधारक कारखाने कायदेशीर आहेत आणि तेथील बंदूक घेण्यात काही गैर नाही. पण ती सरकारी ऑर्डनन्स (शस्त्रनिर्मिती) कारखान्याची म्हणून त्या भावाने विकणे ही सरळ फसवणूक आहे. नळीवरचा शिक्का स्वतः वाचल्याशिवाय दुकानदाराच्या तोंडच्या कारखान्याच्या नावाला अर्थ नाही.

याच स्नेह्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली, आणि तिच्यापुढे पैशाचा विषय मला किरकोळ वाटू लागला. जुन्या इंग्रजी बंदुकांचे काडतूसघर, म्हणजे नळीत काडतूस बसते तो भाग, बहुधा अडीच इंचांचे, म्हणजे ६५ मिलिमीटरचे असते. आमच्याही बंदुकीचे तसेच आहे. दुकानदार मात्र वडिलांना ७० मिलिमीटरची काडतुसे देत आला होता, “बारा बोअर म्हणजे बारा बोअर” असे सांगून. काडतुसाचे तोंड दुमडलेले असते, त्यामुळे लांब काडतूसही लहान घरात सहज बसते आणि शंका येत नाही. बार उडताना ती दुमड उलगडते, पुढच्या अरुंद भागात शिरते आणि नळीतला दाब वाढतो. काडतुसाची लांबी खोक्यावर छापलेली असते. ती बंदुकीच्या काडतूसघराशी ताडून पाहण्याची तसदी विक्रेत्याने घेतली नाही, कारण त्याच्याकडे तोच माल पडून होता.

त्या दुकानात बसलो असताना इतर गिऱ्हाइकांना जे सांगितले जात होते, तेही नोंदवण्यासारखे आहे. एका तरुणाला .२२ बोअरची एअरगन “एअरगनला परवाना लागतच नाही” असे म्हणून दाखवली जात होती. परवान्यातून सूट आहे ती .१७७ पर्यंतच्या, म्हणजे ४.५ मिलिमीटरच्या, आणि नळीतून बाहेर पडतानाची ऊर्जा २० ज्यूलच्या आत असणाऱ्या एअरगनला; .२२ ही त्या मर्यादेबाहेर जाते. दुसऱ्या एका गृहस्थाला नळी लांब वाटत होती, तर त्याला “कापून देतो, हाताळायला सुटसुटीत होईल” असा सल्ला मिळाला. नळी आखूड करण्यासाठी कलम ६ प्रमाणे स्वतंत्र परवाना लागतो. तसे न करता कापलेली नळी घेऊन घरी गेलेला माणूस गुन्हा घेऊनच घरी जातो. तिसऱ्याला परवान्याचा युनिक आयडी क्रमांक पैसे घेऊन ‘आतून’ काढून देण्याचे आश्वासन होते, जो क्रमांक परवाना देणाऱ्या कार्यालयाकडूनच मिळतो. एका बागायतदाराच्या हातात एल.जी. (मोठ्या छऱ्यांच्या) काडतुसांचे खोके देत दुकानदार म्हणाला, “तुमचा परवाना शेतीसंरक्षणाचा, डुक्कर पाडलं तर कोण विचारतं?” वन विभाग विचारतो. शस्त्राचा परवाना हा प्राणी मारण्याचा परवाना नव्हे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली त्यासाठी वन विभागाची वेगळी परवानगी लागते, आणि तिच्याशिवाय मारलेल्या डुकरासाठी बागायतदार आरोपी होतो, काडतुसे विकणारा दुकानदार नाही.

२०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या बंदुकांची संख्या तीनवरून दोनवर आली. त्या वेळी तिसरी बंदूक जमा करण्यासाठी वर्षाची मुदत होती. माझ्या परिचयातील एका गृहस्थांनी “उद्या अटक होईल” या भीतीने आपली तिसरी बंदूक याच दुकानात कवडीमोलाने दिली. त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे केली, हे मात्र त्या दुकानात कोणी आपण होऊन सांगत नव्हते.

आमची बंदूक वाचली ती एका तरतुदीमुळे. स्वतःच्या वापराचे शस्त्र विकायचे असेल तर कलम ५ प्रमाणे जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यांना, घेणाऱ्याच्या नावपत्त्यासह, आधी लेखी कळवावे लागते आणि त्यानंतर किमान ४५ दिवस जावे लागतात. दुकानदाराने असे काहीच कळवलेले नव्हते. वडिलांच्या सहीच्या कोऱ्या पत्रावर मागची तारीख घालून ते दाखल करण्याचा बेत असावा. वडिलांनी व्यवहार मान्य नसल्याचा अर्ज गृह शाखेत आणि पोलीस ठाण्यात एकाच दिवशी दिला, दोन्ही ठिकाणी पोच घेतली आणि जुन्या परवान्याच्या पुस्तिकेतील अनुक्रमांक अर्जात ठळकपणे नमूद केला. पावतीवर जे नव्हते ते पुस्तिकेत होते. दुकानाच्या नोंदवहीची तपासणी झाली तेव्हा बंदूक काउंटरवर नव्हती, मागच्या कपाटात वेगळ्या किमतीची चिठ्ठी लावून ठेवलेली होती. ती आता ठाण्यात जमा आहे, गंजाची भीती मान्य करूनही, आणि नियम २५ खालील माझा अर्ज चौकशीच्या टप्प्यावर आहे.

आगाऊ रकमेपैकी १५,००० रुपये ‘कागदपत्रांचा खर्च’ म्हणून कापून घेतले गेले. त्याची पावती लेखी मागितल्यावर दुकानदाराने दिली नाही, म्हणून ती मागणी नोंदणीकृत टपालाने पाठवली आहे आणि त्याची प्रत विक्रेत्याचा परवाना ज्या कार्यालयातून नूतनीकृत होतो तेथे दिली आहे. ७० मिलिमीटरची उरलेली काडतुसे परत घेण्यास त्याने नकार दिला. तीही आम्ही ठाण्यात जमा केली आणि या वेळी पावतीवर संख्या, बोअर व लांबी लिहून घेतली.