फोंड्यातलं मुलांचं शिवचरित्र शिबिर: आठ राण्यांबद्दल पण सांगतात, आणि छान सांगतात

मे महिन्याच्या सुट्टीत फर्मागुडीच्या बाजूला एका टीचरच्या घरी सहा ते दहा वर्षांच्या मुलांसाठी शिवाजी महाराजांवर शिबिर असतं, त्याबद्दल लिहितेय, कारण ओळखीतल्या बऱ्याच आयांनी विचारलं की इतक्या लहान पोरांना महाराजांची आठ लग्नं वगैरे सांगतात म्हणे, ते खरं का आणि कशाला. खरं आहे. आणि मला विचाराल तर सगळ्या शिबिरातला सगळ्यात चांगला भाग तोच.

फी बाराशे रुपये, त्यात शेवटच्या दिवशीच्या नार्व्याच्या सहलीची बस आणि रोजचा नाश्ता आला. पातळभाजी-पाव, कधी शिरा. जागा लहान आहे पण पंखे आहेत, पाणी आहे, मुलांवर लक्ष असतं. त्या बाबतीत तक्रार नाही.

आता मुद्द्याचं. माझा मोठा नऊचा आणि धाकटी सातची, दोघांना अफझलखान तोंडपाठ, आग्र्याचे पेटारे तोंडपाठ, फर्मागुडीचा पुतळा तर येता जाता दिसतो. पण महाराजांना घर होतं, बायका होत्या, मुली होत्या हे त्यांच्या डोक्यातच नव्हतं. टीचरने पहिल्याच दिवशी भिंतीवर एक मोठी चादर लावली, मधे महाराज, वर आऊसाहेब आणि शहाजीराजे, आणि मुलांच्या हातात आठ राण्यांच्या चिठ्ठ्या दिल्या. प्रत्येक चिठ्ठीवर नाव आणि खाली माहेर. सईबाई निंबाळकर, सोयराबाई मोहिते, पुतळाबाई पालकर, सगुणाबाई शिर्के, सकवारबाई गायकवाड, काशीबाई जाधव, लक्ष्मीबाई विचारे, गुणवंताबाई इंगळे. मुलांनी सेफ्टी पिना लावून त्या चादरीवर टोचायच्या आणि बाजूच्या नकाशावर फलटण कुठे, तळबीड कुठे, शृंगारपूर कुठे ते शोधून तिथपर्यंत लाल दोरा न्यायचा. एक मुलगा मधेच ओरडला, टीचर, आऊसाहेबांचं माहेर पण जाधव ना! असं पोराने स्वतःहून पकडलं की समजायचं शिकवणं पोचलंय.

मग अर्थातच प्रश्न आला की इतकी लग्नं का केली. मी त्या दिवशी मागे बसले होते, मलाही बघायचं होतं काय उत्तर देतात ते. टीचर गडबडली नाही आणि मोठी झालात की कळेल असंही म्हणाली नाही. तिने सांगितलं की त्या काळात राजे आणि सरदार अनेक लग्नं करायचे, लग्न दोन माणसांचं नसायचं, दोन घराण्यांचं असायचं, आणि नवं राज्य उभं करणाऱ्याला ही घराणी आपल्या बाजूला लागतात. मग लगेच उदाहरण, शिर्क्यांचं. पिलाजी शिर्क्यांची मुलगी येसूबाई संभाजीराजांना दिली आणि महाराजांची मुलगी राजकुंवर शिर्क्यांच्या गणोजीला दिली. साटंलोटं! हे मुलांना झटकन कळलं, कारण आमच्याकडे गावात अजून एखादं तरी घर असं निघतंच.

लहान वयातलं लग्न पण लपवलं नाही. सईबाईंचं लग्न १६४० मध्ये पुण्यात झालं तेव्हा महाराज दहा वर्षांचे आणि त्या साधारण सात. माझी धाकटी सातचीच, ती एकदम गप्प झाली आणि मग विचारते, तिला आईची आठवण येत नसेल? टीचर म्हणाली येत असणार, आणि म्हणूनच आता कायदा आहे, मुलगी अठराची आणि मुलगा एकवीसचा झाल्याशिवाय लग्न नाही. बस्, एवढंच. मला हे फार आवडलं, कारण जुन्या काळाला शिव्याही घातल्या नाहीत आणि तेच बरोबर होतं असंही भासवलं नाही.

सईबाईंची गोष्ट तर इतकी सुंदर सांगितली की काय सांगू. १४ मे १६५७ ला पुरंदरावर संभाजीराजे जन्मले, आईला दूध पुरेना म्हणून कापूरहोळच्या धाराऊने त्यांना दूध पाजलं, आणि सप्टेंबर १६५९ मध्ये राजगडावर सईबाई गेल्या. संभाजीराजे जेमतेम दोन वर्षांचे. आणि लगेच पुढच्या नोव्हेंबरात प्रतापगडाखाली अफझलखान. माझ्या मुलाने अफझलखानाची गोष्ट शंभर वेळा ऐकलेली, पण दोनच महिन्यांपूर्वी महाराजांची बायको गेली होती हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. घरी आल्यावर आजीला हेच सांगत होता, आजी, महाराज तेव्हा दुःखात होते गो. वाघनखं कुठल्या बोटात होती हे त्याला त्या दिवशी महत्त्वाचं वाटलं नाही.

१६७४ च्या राज्याभिषेकाचा दिवस पण मजेचा झाला. राज्याभिषेकाआधी चव्वेचाळीस वर्षांच्या महाराजांची मुंज झाली आणि मग राण्यांशी परत मंत्रोक्त लग्न लागलं हे ऐकून पोरं हसून हसून पडली, परत लग्न? त्याच बायकोशी? मग अंतरपाट धरून अक्षता टाकून सगळं करून बघितलं. आणि बाराच दिवसांनी पाचाडला आऊसाहेब गेल्या हे सांगितल्यावर तीच पोरं चिडीचूप.

आता जे नाही आवडलं ते. सोयराबाई. बाहुल्यांचा खेळ होता त्यात सोयराबाईंची बाहुली काळ्या लुगड्यातली, आवाज कर्कश, आणि ती आली की मुलं हुर्यो करायची. हे मला अजिबात पटलं नाही. ज्या बाई राज्याभिषेकाला पट्टराणी म्हणून महाराजांच्या शेजारी बसल्या, ज्या राजाराम महाराजांच्या आई, त्यांना सहा वर्षांच्या मुलांसमोर सिरियलमधली सावत्र आई करून टाकायचं? महाराज ३ एप्रिल १६८० ला गेले, मग दहा वर्षांच्या राजारामांना गादीवर बसवलं गेलं, तो डाव फसला, हे सगळं खरं आणि सांगावं. पण यात अष्टप्रधानांतले मोठे मोठे लोक सामील होते, एकट्या बाईचं काम नव्हतं. आणि सोयराबाईंनी महाराजांना विष दिलं ही गोष्ट तर नाटका-कादंबऱ्यांतून फिरते, तिला पुरावा नाही, ती सूचकपणे सुद्धा आणायला नको होती. त्यापेक्षा सोयराबाईंचे सख्खे भाऊ हंबीरराव मोहिते भाच्याला सोडून संभाजीराजांच्या बाजूने उभे राहिले हे सांगितलं असतं तर? चादरीवर मोहित्यांचा लाल दोरा होताच की! मुलांनी स्वतः विचार केला असता की मामा असून असं का केलं. इतका मोठा प्रसंग हातात असून वापरला नाही याचं वाईट वाटलं.

दुसरं, पुतळाबाई सती गेल्या हे घाईघाईत एका वाक्यात उरकलं. त्याआधी शहाजीराजे गेले तेव्हा आऊसाहेब सती निघाल्या होत्या आणि महाराजांनी त्यांना थांबवलं हे छान सावकाश सांगितलं होतं, म्हणून तर मुलांना प्रश्न पडला की मग पुतळाबाईंना कोणीच का नाही थांबवलं. रात्री झोपताना मला विचारतात. माझं मत, दहाच्या खालच्या मुलांना हे सांगायचं तर वेळ घेऊन सांगा नाहीतर पुढच्या वर्षी ठेवा.

शेवटच्या दिवशी नार्वे. सप्तकोटेश्वराचं देऊळ, दिवाडी बेटावरचं मूळ देऊळ पोर्तुगीजांनी पाडलं, लिंग नदीपलीकडे आणलं, आणि १६६८ मध्ये महाराजांच्या आज्ञेने इथे देऊळ बांधायला घेतलं, दारावर शिलालेख आहे. मुलांना एकेक करून उचलून तो दाखवला. माझ्या मुलीने तिथे टीचरला विचारलं, तेव्हा राण्यांतली कोण कोण होती? टीचरने हिशोब मांडायला लावला, सईबाई नाहीत, संभाजीराजे अकरा वर्षांचे, राजारामांचा जन्म अजून व्हायचाय. देवळाच्या पायरीवर बसून पोरं बोटं मोजत होती.

पाचातले चार देईन. सोयराबाईंबद्दल मी टीचरशी बोलले, तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि बाहुली बदलते म्हणाली. पुढची बॅच दिवाळीच्या सुट्टीत आहे, जागा थोड्याच असतात तर आधी फोन करून ठेवा, आणि मूल सहाच्या खालचं असेल तर घाई करू नका, नाती लक्षात ठेवता ठेवता कंटाळतं.