सॉलोमनचे पेंटॅकल की अग्रिप्पाचे अंकांचे चौकोन, आधी काय घ्यायचं?

युरोपातल्या जुन्या ताइतांचा अभ्यास करायचाय तर दोन पुस्तकं हमखास समोर येतात, बायबलमधल्या राजा सॉलोमनच्या नावावर खपवलेलं 'की ऑफ सॉलोमन' हे जादूचं पुस्तक, आणि जर्मन पंडित अग्रिप्पाचं १५३३ चं 'ऑकल्ट फिलॉसॉफी'. दोन्ही एकदम उघडू नका, डोक्याचा पार भुगा होतो.

सॉलोमनमध्ये सगळं कामाप्रमाणे आहे. मॅदर्स या इंग्रज भाषांतरकाराच्या १८८९ च्या आवृत्तीत सात ग्रहांचे मिळून ४४ पेंटॅकल, म्हणजे चिन्हं आणि हिब्रू अक्षरं असलेले गोल ताईत, आणि कुठलं कशासाठी ते सरळ लिहिलंय. मंगळाचं दुसरं रोगावर, बुधाचं पाचवं बंद दारं उघडायला, गुरूचं चौथं धन आणि मानासाठी. हे गुरूचं कोरायचं चांदीवर, गुरुवारी, गुरूच्या होऱ्यात, तेही गुरू कर्केत असताना, म्हणजे आपण उच्चीचा म्हणतो तोच गुरू, बारा वर्षांतून साधारण एकदा येणारा. फक्त तिकडची रास सायन, म्हणजे वसंत संपातापासून मोजलेली असते हं, आपलं निरयन पंचांग बघून मुहूर्त काढलात तर २४ अंशांचा घोळ होईल.

अडचण अशी की नकलून नकलून हस्तलिखितांतली हिब्रू अक्षरं बिघडलीयेत, चूक कुठे आहे ते नवशिक्याला कळतच नाही. आणि राजा सॉलोमनचं म्हणावं तर मंगळाच्या त्या दुसऱ्या पेंटॅकलवर चक्क बायबलच्या नव्या करारातलं, योहानाच्या शुभवर्तमानातलं वचन आहे, म्हणजे बनवणारा हात ख्रिस्ती होता हे उघड आहे.

अग्रिप्पाकडे मात्र सगळा आकड्यांचा हिशोब. गुरूचा चौकोन ४×४ घरांचा, घराघरात आकडा, कुठलीही ओळ घ्या बेरीज ३४, सगळे मिळून १३६. चांदीच्या पत्र्यावर कोरला तर धन, स्नेह, शांती, पोवळ्यावर कोरला तर करणी उतरते असं तो लिहितो. ग्रह बिघडलेला असताना केला तर काय उलटं होतं तेही तो बऱ्याच चौकोनांना सांगतो, ते मला फार प्रामाणिक वाटतं. शनीचा ३×३, बेरीज १५, शिशाच्या पत्र्यावर, आणि हे बघून मी थांबलेच, कारण आपलं पंधराचं यंत्र ते हेच, फक्त आपल्या नवग्रह यंत्रांत ते सूर्याचं!

एखाद्या ठरावीक कामासाठी काय बनवायचे एवढंच बघायचं असेल तर सॉलोमन घ्या. पण ताईत असाच का दिसतो हे कळायला हवं असेल तर आधी अग्रिप्पाच, पेन्सिल घेऊन स्वतः बेरीज तपासता येते. १६५१ चं जुनं इंग्रजी भाषांतर आहे, त्यात दुसऱ्या खंडाचा २२ वा अध्याय काढा, सातही चौकोन तिथेच आहेत.