पंधरा महिने, सहा वेळा सुई: नियमित रक्ततपासणीचा अनुभव

वय ६७. रक्तदाबाची एक गोळी बरीच वर्षं चालू, बाकी तक्रार नाही. म्हणजे नव्हती, कारण तपासलंच नव्हतं. नोकरीत जन्मभर दुसऱ्यांचे हिशेब तपासले आणि स्वतःच्या रक्ताचा कागद पहिल्यांदा नीट वाचला तो निवृत्तीनंतर सात वर्षांनी. तोही मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी तपासण्या सक्तीच्या होत्या म्हणून.

त्यात 'तीन महिन्यांची साखर' म्हणजे एचबीएवनसी निघाली ६.३. ५.७ च्या खाली ठीक, ६.५ पासून पुढे मधुमेह. मी मधल्या पट्ट्यात, आणि तेही पलीकडच्या काठाला. डॉक्टरांनी साखरेची गोळी दिली नाही. म्हणाले, "आधी खाणं-चालणं सुधारा, तीन महिन्यांनी परत बघू." तेव्हापासून दर तीन महिन्यांनी रक्त देतोय. सहावा रिपोर्ट गेल्या आठवड्यात आला, म्हणून आता लिहायला बसलो.

पहिल्या तीन महिन्यांत काय केलं? खरं सांगायचं तर काहीच नाही. तपासणी सोमवारी होती. शुक्रवारी संध्याकाळपासून साखर बंद, रात्रीचं जेवण निम्मं, दोन्ही वेळा फिरणं. उपाशीपोटीची साखर ११४ वरून थेट ९८! मी खूश. मग पुढच्या पानावर गेलो. तीन महिन्यांची साखर ६.३. जागची हलली नव्हती. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते आणि तेवढ्या काळात रक्तात जशी साखर असेल तशी ती तिच्यातल्या हिमोग्लोबिनला चिकटत जाते. शेवटच्या महिन्याचा भाग त्यात जास्त असतो, पण शेवटच्या तीन दिवसांना कोणी विचारत नाही. ऑडिटच्या आदल्या रात्री वह्या रंगवणारे मी खूप पाहिलेत. त्यांची तोंडं आठवली आणि आरशात बघावंसं वाटेना.

(हा आकडाही अगदी सोवळा नाही. अंगात लोह कमी असेल तर तो खोटा वाढतो. म्हणून डॉक्टर सोबत सीबीसी, म्हणजे रक्तपेशी आणि हिमोग्लोबिनची मोजणी, करून घेतात.)

त्या दिवशी वही घातली. डावीकडे तारीख, मग आकडे, शेवटी 'शेरा' नावाचा रकाना: आदल्या रात्री किती वाजता जेवलो, झोप कशी झाली, सर्दी-ताप होता का, कुठली नवी गोळी सुरू आहे. सगळ्या उपद्व्यापात सर्वात कामाला आलेली गोष्ट कुठली म्हणाल तर हा रकाना. सुटा रिपोर्ट मला काहीच सांगत नव्हता. ओळीने मांडल्यावर आकडे बोलायला लागले.

सवयींचं सांगतो. पहाटे पाचला उठून तासभर चालायचा संकल्प नऊ दिवस टिकला. टिकलं ते अगदीच साधं: रात्री जेवण उरकलं की बसायचं नाही, पंधरा-वीस मिनिटं पाय मोकळे करायचे. जेवणानंतर साखर चढते तेव्हाच पायाचे स्नायू ती ओढून घेतात, त्यामुळे एवढ्याशा चालण्याचाही उपयोग होतो. जेवण नऊवरून साडेसातवर आणलं. चहातली साखर एका झटक्यात नाही सोडली, दर पंधरवड्याला पाव चमचा कमी केली. आकडे असे: ६.३, ६.३, ६.०, ६.२, ५.९, ५.९. मधला ६.२ म्हणजे पाय मुरगळून पाच आठवडे घरात बसलो होतो ते. शेऱ्याच्या रकान्यात तसं लिहिलेलं नसतं तर उगाच हाय खाल्ली असती. ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली एक चरबी, २३२ होती, ती १५० च्या घरात आली.

एलडीएलने, म्हणजे वाईट म्हणतात त्या कोलेस्टेरॉलने, मात्र दाद दिली नाही. १४६, १४१, १३९. मला अक्षरशः राग आला, एवढं करूनही हे? डॉक्टर म्हणाले, कोलेस्टेरॉल बरंचसं यकृतच तयार करतं, ताटावर किती लगाम घालणार. वय आणि रक्तदाब धरून त्यांनी गोळी सुरू केली. आता ८४ आहे. सवयी सुधारल्या की सगळ्या गोळ्या टळतात असं सांगणाऱ्यांना माझ्या वहीतलं हे पान दाखवावंसं वाटतं.

आता चौथ्या वेळेचा किस्सा. तपासणी घरी येऊन करणाऱ्या सेवेला बोलावलं होतं. आलेल्या मुलाला शीर सापडेना. दंडाला पट्टा आवळलेला, तो "काका, मूठ आवळा, सोडा, आवळा" म्हणतोय, मी इमाने इतबारे आवळतोय. उजवा हात झाला, मग डावा. शेवटी थेंबथेंब रक्त आलं. संध्याकाळी मोबाइलवर रिपोर्ट: पोटॅशियम ५.९, लाल अक्षरांत. वरची मर्यादा ५ च्या आसपास. माझी रक्तदाबाची गोळी पोटॅशियम वाढवू शकणाऱ्या जातीची, हे मला ठाऊक होतं. रात्री नेटवर वाचत बसलो, की पोटॅशियम फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. वाचता वाचता नाडी मोजत होतो आणि ती अर्थातच वाढत होती. फळांत पोटॅशियम असतं म्हणून हिने टेबलावरची फळांची टोपली उचलून कपाटावर ठेवली.

सकाळी डॉक्टरांनी रिपोर्ट खालपर्यंत सरकवला. अगदी तळाला, मुंगीएवढ्या अक्षरांत: 'नमुना हिमोलाइज्ड'. म्हणजे रक्त काढताना किंवा नेताना पेशी फुटलेल्या. पेशीच्या आत पोटॅशियम बाहेरच्यापेक्षा कितीतरी पट जास्त असतं. पेशी फुटली की ते सांडतं आणि आकडा फुगतो. मूठ सारखी आवळल्यानेही तो चढतो. त्याच दिवशी लॅबमध्ये जाऊन पुन्हा रक्त दिलं, तर ४.४. वर डॉक्टरांची बोलणीही खाल्ली: "आकडा खोटा निघाला हे नशीब. खरा असता तर? रात्रीच फोन करायचा." हे त्यांचं बरोबर. पण असा नमुना असेल तर लॅबने स्वतःहून फोन करून तो पुन्हा घ्यायला हवा, हेही माझं बरोबर.

तेव्हापासून लॅबमध्येच जातो, त्याच लॅबमध्ये, त्याच वेळेला. तिथली ताई पट्टा मिनिटभराच्या वर ठेवत नाही. शीर मिळाली की लगेच सैल करते. सकाळी दोन पेले पाणी पिऊन जा, हेही तिनेच सांगितलं. उपाशीपोटी म्हणजे पाण्याविना नव्हे, आणि पाणी प्यायलेल्या माणसाची शीर लवकर सापडते. नळ्यांची टोपणं वेगवेगळ्या रंगांची का, असं विचारलं तर जांभळी दाखवून म्हणाली, यात रक्त गोठत नाही. करडीत साखर टिकवणारं औषध असतं. साध्या नळीत काढून ठेवलेल्या रक्तातल्या पेशी साखर खातच राहतात! तासाला पाच ते सात टक्के आकडा उतरू शकतो, म्हणे. नमुना उन्हातान्हात गावभर फिरवणाऱ्या सेवांबद्दल माझं मत तेव्हा पक्कं झालं.

हिचाही एक अनुभव. माझं बघून हिनेही तपासण्या केल्या, तर थायरॉइडसाठी बघतात ते टीएसएच आलं ०.२, म्हणजे कमी. त्यावरून थायरॉइड जास्त काम करतोय असं दिसत होतं, पण लक्षण एकही नाही. डॉक्टरांनी विचारलं, केसांसाठी काही घेता का? घेत होती, बायोटिन नावाच्या जीवनसत्त्वाच्या गोळ्या. काही यंत्रांच्या तपासणीपद्धतीत बायोटिनच वापरलेलं असतं, त्यामुळे रक्तात ते जास्त झालं की निकाल चुकतो. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, २०१७ मध्ये याबद्दल जाहीर सूचना दिली होती. गोळ्या थांबवून आठवड्याने तपासलं तर २.१. 'औषधं कोणती चालू आहेत' या प्रश्नाला लोक पूरक गोळ्या सांगतच नाहीत. आम्हीही सांगितल्या नव्हत्या.

ऐंशी-नव्वद तपासण्यांची पॅकेजं मी आता घेत नाही. एक तर एकट्या सीबीसीचेच वीसेक आकडे मोजून ती संख्या फुगवलेली असते. दुसरं, नॉर्मल रेंज सहसा निरोगी माणसांतल्या मधल्या ९५ टक्क्यांवरून ठरवतात. म्हणजे वीसात एक निकाल निरोगी माणसाचाही बाहेर पडणार. मी हिशेब केला: एकमेकांशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या केल्या, तर निदान एक तरी लाल येण्याची शक्यता ६४ टक्के. मग त्या लालसाठी पुढची तपासणी, तिच्यासाठी त्यापुढची. डॉक्टरांनी मला सात-आठच नावं लिहून दिली आहेत, तेवढी पुरतात. दर तीन महिन्यांनी करणंही सगळ्यांना लागत नाही. मी सवयी बदलत होतो म्हणून ते केलं. साखरेच्या त्या आकड्यासाठी तीन महिन्यांच्या आत पुन्हा सुई टोचून घेण्यात तर काहीच हशील नाही.

रक्तात न दिसणारी गोष्ट मात्र राहून जात होती. मूत्रपिंड बिघडलं की रक्तात वाढतं ते क्रिएटिनिन ०.८ पाहून मी मूत्रपिंडावर खूश होतो. डॉक्टर म्हणाले, ते स्नायूंतून येतं, स्नायू झिजलेल्या माणसाचं कमीच दिसणार. मग त्यांनी हातांची घडी छातीवर घालून खुर्चीतून उठायला-बसायला लावलं, ३० सेकंद घड्याळ लावून. नऊ वेळा जमलं. माझ्या वयाच्या पुरुषाला बाराच्या खाली म्हणजे कमी. आता आठवड्यातून तीन दिवस हाच व्यायाम करतो. परवा तेरा झाले.

डॉक्टरांनी यापुढे सहा महिन्यांनी यायला सांगितलंय. वहीत तारीख घातली, तर शेऱ्याच्या रकान्यात हिने आधीच लिहून ठेवलंय: 'फळं खाली काढली आहेत. खावीत.'