मदरबोर्ड नव्हे, बॅटरी! लॅमिंग्टन रोडवरचं भरवशाचं दुकान

डोंबिवलीहून लॅपटॉप घेऊन लॅमिंग्टन रोड गाठायचा म्हणजे अर्धा दिवस गेलाच. तरीही जा.

माझं काम जीएसटीचं. व्यापाऱ्यांच्या गाळ्यात बसून रिटर्न भरायची आणि तिथे प्लग मिळेलच असं नाही. बॅटरी ४० टक्के दाखवत असायची, टॅली आणि ब्राउझर एकत्र उघडले की लॅपटॉप खटकन बंद. ना इशारा, ना काही. चार्जर लावला की मात्र दिवसभर बिनतक्रार. घराजवळच्या दुकानदाराने झाकणही न उघडता ‘मदरबोर्ड गेलाय’ म्हणून १२ हजार सांगितले होते.

इथल्या मुलाचा पहिलाच प्रश्न, ‘‘मॅडम, चार्जरवर बंद होतो का?’’ नाही म्हटल्यावर तो म्हणाला, मग आधी बॅटरी बघू. गरम होऊन पडत असता तर चार्जरवरही पडला असता. त्याने विंडोजमधलाच बॅटरी रिपोर्ट काढला. कमांड प्रॉम्प्टवर एका ओळीचं काम, वेगळं काही टाकावं लागत नाही. मूळ क्षमता ४५,००० मिलिवॅट-तास आणि आता पूर्ण चार्ज केल्यावर उरतात जेमतेम १९,०००. आकडे माझ्याकडे वळवून दाखवले, हे मला फार आवडलं.

पण मग ४० टक्के कुठून दाखवत होता? त्याचंही उत्तर मिळालं. टक्केवारी हा हिशेबाने काढलेला अंदाज असतो. आत तीन सेल एकामागे एक जोडलेले. त्यातला एक थकलेला असला तर प्रोसेसरने एकदम जास्त वीज ओढताच त्याचा व्होल्टेज कोसळतो आणि बॅटरीतलं संरक्षक सर्किट अख्खा पुरवठाच तोडतं. विंडोजला फाइल सेव्ह करायला उसंतच मिळत नाही. खालचं झाकण काढलं तर मधला सेल फुगलेला! टचपॅड दाबायला जड जात होता तोही यामुळेच. फुगलेली बॅटरी वापरत राहू नका, टोचू-दाबू तर अजिबात नका.

कंपनीची बॅटरी ४,८०० ला, दुसरी २,६०० ला. स्वस्तातलीवर लिहिलेल्या क्षमतेवर विसंबू नका, हे त्यानेच सांगितलं. मी कंपनीची घेतली. बसवल्यावर पुन्हा रिपोर्ट काढून दाखवला, चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सेटिंगही करून दिली. सतत प्लगला लावून ठेवणाऱ्यांनी ती करावीच. जुनी बॅटरी ई-कचऱ्यासाठी ठेवून घेतली.

रेटिंगमधला एक तारा कापलाय. जिना अंधारा, बसायला एकच स्टूल आणि त्यावरही खोके. शिवाय ‘‘बिल हवंय का?’’ हा प्रश्न निदान मला तरी विचारायला नको होता. बिल घ्याच, सहा महिन्यांची वॉरंटी त्याच्यावरच लिहून देतात. रविवारी दुकान बंद असतं.