पॉलिहाउसचे चार तोंडी फॉगर, फेब्रुवारी ते सप्टेंबर: घोळ सगळा एका व्हॉल्वचा

पॉलिहाउसची हवा गार ठेवायला वर टांगलेले फॉगर बारीक धुके फवारतात. त्यांच्याखालच्या जरबेराच्या पाकळ्यांवर पांढरे गोल डाग दिसले की विक्रेत्याचा माणूस येतो, मान वर करून बघतो आणि ‘सगळे सेट बदला’ म्हणून मोकळा होतो. 108 सेट, म्हणजे फॉगर आणि त्याचा व्हॉल्व मिळून! त्यांतले एकही अख्खे बदलायची गरज नव्हती, हे आधीच सांगून टाकतो.

मांडणी नेहमीचीच. 10 गुंठे, 28 बाय 36 मीटर, 16 मिमी नळीच्या 9 लाइन, प्रत्येकीवर 12 फॉगर, उंची 3 मीटर. 4 किलो (चौरस सेंटिमीटरला) दाबाला एका तोंडातून ताशी 7 लिटर, म्हणजे फॉगरला 28. थेंब सरासरी 65 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). बाकी आकडे माहितीपत्रकात आहेतच.

उन्हाळ्यातले काम झकास. बाहेर 36 अंश आणि आर्द्रता 40 टक्के असताना ओल्या (फुग्यावर ओली वात असलेल्या) आणि कोरड्या तापमापकात साधारण 11 अंशांचा फरक असतो. फरक जितका जास्त, तितकी हवा कोरडी. एवढ्या फरकात 65 मायक्रॉनचा थेंब पाचेक सेकंदांत सुकतो. तो पडतो सेकंदाला 12 सेंटिमीटरने, त्यामुळे अर्धा मीटर खाली यायच्या आतच संपतो. धुके ‘तरंगते’ असे आपण म्हणतो खरे, पण थेंब पडतच असतो. तापलेल्या वाफ्यांवरून वर येणारी हवा त्याच्या पडण्याच्या वेगाला पुरून उरते, इतकेच.

आता हाच थेंब दुप्पट, 130 मायक्रॉनचा करा. पडण्याचा वेग जवळजवळ चौपट, सुकायला वेळही चौपट. सुकण्याआधी तो चार मीटरच्या वर खाली येऊ शकतो, आणि फॉगर टांगलाय 3 मीटरवर. म्हणजे थेट फुलावर. त्यामुळे फॉगर चांगला की वाईट हे मला तरी एकाच गोष्टीवर ठरवावेसे वाटते: थेंब किती बारीक, आणि पहिल्या सेकंदापासून बारीक की नाही.

इथे येतो अँटी-लीक व्हॉल्व. फॉगरच्या डोक्यावरचा बोटाच्या पेराएवढा तुकडा, आत स्प्रिंग आणि रबरी पडदा. पंप बंद झाला, दाब उतरला की त्याने तोंड मिटायचे. मिटले नाही तर दोन गोष्टी होतात. लाइनमधले पाणी थेंबाथेंबाने खाली गळते, आणि हे थेंब मायक्रॉनमध्ये मोजायचे नसतात, मिलिमीटरमध्ये मोजायचे असतात. दुसरी गोष्ट जास्त वाईट. नऊ लाइनमध्ये मिळून 47 लिटरच्या आसपास पाणी मावते. त्या रिकाम्या झाल्या तर पुढच्या वेळी भरायलाच पाऊण-एक मिनिट लागते, तोवर फॉगर नुसते थुंकतात. टायमर 10 सेकंदांचा असेल तर धुके होतच नाही. मग माणूस टायमर 30 सेकंदांवर नेतो आणि खड्ड्यात पडतो.

कारण 30 सेकंदांत 25 लिटर पाणी आत जाते. साडेचार हजार घनमीटर हवेत ते घनमीटरला साडेपाच ग्रॅम झाले. पॉलिहाउसचे पडदे बंद असतील तर 36 अंशांची ती हवा एवढ्यावरच जवळजवळ संपृक्त होते, म्हणजे आणखी वाफ मावत नाही, आणि पुढचा प्रत्येक थेंब पानावर बसतो. 10 सेकंद चालू, 4 मिनिटे बंद, वरचे व्हेंट (हवा बाहेर जायच्या खिडक्या) उघडे, सकाळी 11 ते दुपारी 4. याहून जास्त नको. चारनंतर बंदच, नाहीतर रात्री फुले ओली राहतात आणि बोट्रायटिस बुरशीला आमंत्रण.

मे महिन्यापर्यंत माझे मत होते की व्हॉल्वच निकृष्ट आहेत. ते आता बदलले आहे, निदान अर्धे. पंपाजवळचा दाबाचा गेज साडेचार किलो दाखवत होता, लाइनच्या शेवटी गेज लावला तर 2.4. मधला दाब डिस्क फिल्टरने, म्हणजे पाणी गाळणाऱ्या चकत्यांच्या गाळणीने, खाल्ला होता. हे व्हॉल्व साधारण 3 किलोला पूर्ण उघडतात. त्याखाली अर्धवट उघडे राहतात, पडदा टेकतो त्या बैठकीत क्षार आणि शेवाळ अडकते आणि मिटताना फट राहते. म्हणून फिल्टरच्या अलीकडे-पलीकडे दोन गेज बसवा. फरक अर्ध्या किलोच्या वर गेला की चकत्या सोडवून धुवा. गेज स्वस्त असतात, 108 सेट नसतात.

गळणारे व्हॉल्व काढून लिटरभर पाण्यात 50 ग्रॅम लिंबूसत्व घालून दोन तास भिजवा, मऊ नायलॉन ब्रशने घासा, साध्या पाण्याने धुवा. टाचणी किंवा तार घालू नका. तोंड ओरखडले की तो फॉगर कायमचा जाड थेंब टाकतो. रबरी पडदा कडक झाला असेल तर तेवढा व्हॉल्व बदला.

डागांवरूनही निदान होते. कडेला गडद, आत फिका असा गोल डाग म्हणजे थेंब ओला पोचला: दाब किंवा व्हॉल्व तपासा. सगळ्या पानावर सारखी, बोटाने पुसली जाणारी पांढरट झिलई म्हणजे थेंब हवेतच सुकला. फॉगरचे काम बरोबर आहे, पाणी वाईट आहे. टीडीएस (विरघळलेले क्षार, लिटरला मिलिग्रॅममध्ये) 600 असलेल्या बोरच्या पाण्यातून 65 मायक्रॉनचा थेंब सुकला की मागे साधारण 4 मायक्रॉनचा क्षाराचा कण उरतो. तो 3 मीटर खाली यायला पाऊण तास घेतो. काही व्हेंटमधून बाहेर जातो, बाकीचा सगळीकडे सारखा बसतो. वरच्या वेळापत्रकाने दिवसाला 605 लिटर पाणी लागते, म्हणजे 360 ग्रॅमच्या आसपास क्षार. महिन्याला 11 किलो! शेततळ्यातले पावसाचे पाणी फॉगरसाठी राखून ठेवा, बोरचे ठिबकला द्या.

डिजिटल आर्द्रतामापकाचे पैसे मात्र वाया गेले. धुक्याच्या पट्ट्यात टांगला की थेंब सेन्सरवर बसतो आणि आकडा 99 वर चिकटतो. दोन साधे तापमापक घ्या, एकाच्या फुग्याला ओली सुती वात गुंडाळा, झाडाच्या उंचीवर सावलीत टांगा. फरक 4 अंशांच्या खाली आला की फॉगर बंद.

पावसाळ्यात हा फरक 2 अंशांवर येतो आणि थेंबाला सुकायला 26 सेकंद लागतात. फॉगर तेव्हा निरुपयोगी. कोकणातल्या दमट हवेत तर उन्हाळ्यातही फार अपेक्षा ठेवू नका. बंद काळात आठवड्यातून एकदा लाइनची टोके उघडून दोन मिनिटे पाणी सोडा, म्हणजे आत शेवाळ धरत नाही.

नवीन घेणाऱ्यांनी दुकानात एकच विचारावे: व्हॉल्व सुटा मिळतो का? ‘सेटच घ्यावा लागेल’ असे उत्तर आले तर पुढच्या दुकानात जा.